एक जूनची जन्मतारीख

मे महिन्यात शिकायला अमरावतीला जाणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर अडलेला. मी अडलेली होते. अकोल्याच्या कॉलेजात मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि बढतीसाठी एखाद्या उन्हाळी कोर्सचं प्रमाणपत्र हवं होतं. म्हणून जीवसंख्याशास्त्राचा, म्हणजे वैद्यकीय आकडेवारीचा, हा छोटा कोर्स. सकाळी गाडीनं बडनेरा, तिथून ऑटो, आणि वर्गात शिरल्याबरोबर कूलरसमोरच्या खुर्चीसाठी भांडण. डॉक्टर, नर्स, फार्मसीचे प्राध्यापक, सगळे शाळकरी पोरांसारखे भांडायचे. मीही मागे हटत नसे.

शिकवायला बंगालकडच्या एक तरुण मॅडम होत्या. हिंदीतून शिकवत, आणि छान शिकवत. सरावासाठी आमच्याच भागातल्या रुग्णांची, नावं काढून टाकलेली माहिती दिली होती. एके सकाळी त्यांनी जन्मतारखांचा आलेख पडद्यावर लावला. सगळीकडे बुटके खांब, आणि एक जूनचा खांब मात्र पार वर गेलेला. मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. माहिती भरणाऱ्यानं घोळ घातलाय, म्हणाल्या.

अख्खा वर्ग हसत सुटला. शेजारचे डॉक्टर मला म्हणाले, "आता यायले कोन सांगन, का आमच्याकडं पोट्टे मास्तर जलमाले घालते म्हनून!" मग त्यांनीच उठून हिंदीत समजावलं. जुन्या काळी जन्माची नोंद कुणी ठेवत नसे. मूल शाळेत नेलं की मास्तर त्याला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावत. कान हाती आला की झालं सहा वर्षांचं. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून तारीख एक जून.

सगळ्यात मोठ्यानं मीच हसले असेन, कारण आमच्या घरात असे दोघं होते. काका शाळेत निघाले तेव्हा बाबा रडत मागे गेले. वयानं दोन वर्षांनी लहान, पण हात लांब. कान धरला. मास्तरांनी दोघांची एकच तारीख लिहिली आणि भाऊ कागदावर जुळे झाले. बाबांना त्या हाताचा जन्मभर अभिमान होता. पाहुणे आले की करून दाखवायचे.

दुपारी मॅडमनी सराव दिला. एका औषधाच्या चाचणीसाठी रुग्ण निवडायचे. वयाची अट पंच्याहत्तर, त्यावरचे वगळायचे. मी अट टाकली, बटण दाबलं. ओळीच्या ओळी निघून गेल्या. बाबाही असेच गेले होते.

त्यांची फुप्फुसं आक्रसत चालली होती. अकोल्यातल्या एका दवाखान्यात नव्या औषधाची चाचणी सुरू होती, आम्ही मोठ्या आशेनं गेलो. तिथल्या मुलीनं आधार कार्ड पाहिलं. "बाबा, तुमी वयात बसत नाही." बाबा म्हणाले, "दोन वर्सं मास्तरची हायेत बाई, माही नाही." मुलगी गोड हसली. "आमाले कागदच पाहा लागते, बाबा." दुसरा पुरावा असेल तर आणा, म्हणाली. कुठून आणणार? मास्तर कधीच गेले होते, काकाही. पुढच्या उन्हाळ्याआधी बाबा गेले.

चहाच्या सुट्टीत मी मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, नियम सगळ्यांना सारखाच लावावा लागतो, नाहीतर अभ्यासाला अर्थ उरत नाही. बरोबर आहे. मी माझ्या विद्यार्थ्यांना हेच शिकवीन. तसंही चाचणीत काहींना औषधाऐवजी नुसती पोकळ गोळी मिळते, बाबांच्या वाट्याला काय आलं असतं कुणास ठाऊक. हे आता मला नीट कळतं, आणि त्यानं काडीचंही समाधान होत नाही. राग धरावा असं कुणी सापडलं असतं तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटतं, आणि ते ठेवायला जागा नाही.

संध्याकाळी परतीची गाडी मूर्तिजापूरला थांबली. आमचं घर तिथलं. दवाखान्यातून त्या दिवशी मी बाबांना याच मार्गानं घेऊन आले होते. ते खिडकीशी बसून बाहेर पाहत होते. मग त्यांनी उजवा हात उचलला. नुसता हात उचलतानाही त्यांना दम लागत होता. डोक्यावरून नेत नेत त्यांनी डावा कान धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तवा नसता पुरला तं बरं झालं असतं, नाही का वं?"

मला हसू आलं. तेही हसले. त्या हसण्यानंच त्यांना खोकला सुटला, आणि गाव येईपर्यंत तो थांबला नाही.