ते दात माझे आहेत

शाळेच्या हॉलमध्ये पडद्यावर माझं तोंड होतं. डोळ्यांवर काळी पट्टी, खाली वाकडेतिकडे दात. वरच्या एका दाताचा टवका उडालेला. लहानपणी जेटीवर घसरून पडले होते, त्याची ती खूण. तिच्यावरून मी स्वतःला ओळखलं.

डॉक्टर काठीने माझ्या दातांवर टकटक करत होते. समोर माझ्या वर्गातल्या पोरांचे आईबाप, बहुतेक सगळे कोळीवाड्यातले. दातांना मोफत तारा लावायचं शिबिर होतं आणि मुलांची यादी मीच केली होती. डॉक्टर म्हणाले, "ही तुमच्यातलीच एक मुलगी. दोन वर्षं मी राबलो. नंतर हिने प्लेट लावलीच नाही. दात पुन्हा होते तिथे. तुमच्या लोकांत चिकाटी नसते, म्हणून आधीच सांगतो."

काही जण हसले. हेडमास्तर जरा जास्तच हसले. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

चिकाटी म्हणे. चौदा वर्षांची होते मी, याच डॉक्टरांच्या अशाच मोफत शिबिरात माझं नाव लागलं होतं. दिघीहून बोटीने खाडी ओलांडून आगरदांडा, तिथून रिक्षाने दवाखाना. दर महिन्याला, तारा घट्ट करायला. बोट बंद असली की म्हसळ्यावरून एसटीचा वळसा. एक खेप चुकवली नाही. जागा करायला माझे चार चांगले दात उपटले, तेव्हाही हूं की चूं केलं नाही. आई मासळीची पाटी शेजारणीच्या हवाली करून सोबत यायची आणि डॉक्टरांसाठी न चुकता पापलेटं आणायची. ते घ्यायचे.

तारा निघाल्या त्या दिवशी शेजारच्या खुर्चीवर एका बागायतदाराची मुलगी होती. तिच्याही तारा निघाल्या. तिला गुलाबी डबी मिळाली, डबीत प्लेट. रात्री कशी लावायची, धुवायची कशी, किती वर्षं लावायची, सगळं तिच्या आईला बसवून समजावलं. मला आरसा दाखवला आणि म्हणाले, झालं, जा.

आईने विचारलं, "डॉक्टर, त्या डबीत काय हाय? आमच्या पोरीला न्हाय का?"

"बाई, ते तुमच्याकडे टिकायचं नाही. चार दिवसांत उकिरड्यावर जाईल. एवढं फुकटात झालं ना?"

आईने मान खाली घातली. वर हात जोडले. माझ्या आज्याची जाळं विणायची सुई आमच्या घरात अजून जागच्या जागी आहे. आमची पापलेटं चालायची. आमच्या हातात एक डबी टिकणार नव्हती.

दोनेक वर्षांत दात सरकायला लागले. जिभेला आधी कळलं, मग आरशात दिसलं. पुढचे एकमेकांवर चढले. मी परत गेले. त्यांनी तोंड उघडायला लावून फोटो काढला आणि सुनावलं, प्लेट लावली नाहीस, आता भोग. सरळ केलेले दात प्लेटशिवाय मागे सरकतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आणि मी काय केलं? सॉरी सर म्हणाले. त्या सॉरीची मला आजही चीड येते. पुढे डीएड केलं, नोकरी लागली, हसू आलं की फळ्याकडे तोंड करायची सवय लागली.

त्या हॉलमध्ये मात्र मी फळ्याकडे वळले नाही. सरळ पडद्यापाशी गेले.

"सर, ती मी आहे. डोळ्यांवरची पट्टी काढा. आणि खाली लिहा, हिला प्लेट दिलीच नव्हती."

डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझी साडी, गळ्यातलं शाळेचं ओळखपत्र. मग एकदम मॅडम झाले मी. मॅडम, आपण हे नंतर बोलू. मी म्हटलं, नंतर नाही. हेडमास्तर जवळ येऊन पुटपुटले, तुमच्यामुळे शिबिर बंद पडेल, गरीब पोरांचं नुकसान होईल.

ही भीती मलाही होतीच. यादीत पहिलं नाव चैतालीचं. आठवीतली पोर, उत्तर येत असून ओठ मिटून बसते. शिबिर गेलं तर तिच्या तारा गेल्या. पण प्लेटशिवाय नुसत्या तारा मिळून तिचं काय होणार, ते माझ्या तोंडात होतं.

तेवढ्यात तिचा बाप उठला. बोटीवर खलाशी आहे, सभेत कधी बोलत नाही.

"डॉक्टर, ती प्लेट आमच्या पोरीला मिलंल का न्हाय? तेवढं सांगा."

डॉक्टर म्हणाले, बघू.

बघू चालणार नाही. यादीतल्या प्रत्येक नावापुढे मी 'प्लेटसह' असं लिहिलंय आणि खाली त्यांची सही मागितलीय. सही होईपर्यंत यादी माझ्याकडे राहील. ते नाही म्हणाले तर दुसरा डॉक्टर शोधीन, मग पार पनवेलला जावं लागलं तरी बेहत्तर. ज्या दिवशी चैतालीच्या तारा निघतील, त्या दिवशी मी रजा टाकून तिच्या खुर्चीशेजारी उभी असेन. डबी हातात पडल्याशिवाय पोर उठणार नाही. आणि तिच्या आईला मी हात जोडू देणार नाही.