कापसाच्या रांगेतली फटफटी

माझ्या मामांची फटफटी चालायची तेव्हा फार छान चालायची. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून ती वाईटच होती असा समज होईल आणि मामांना ते आवडणार नाही.

मामा लढाईच्या काळात लष्करी लॉरीवर होते. लढाई संपल्यावर मोडीत निघालेली एक फटफटी घेऊन ते शिरड शहापूरला परतले आणि पुन्हा शेती करू लागले. आमच्या सगळ्या नात्यागोत्यात फटफटी एवढीच एक, आणि कॉलेजात गेलेला मी एकटा. मामांना दोन्हींचा सारखाच अभिमान. त्यामुळे मी वसमतच्या स्टेशनावर बैलगाडीनं जाणं त्यांना खपत नसे. "कालेजचं पोरगं गाडीत बसून कडब्यावानी हालत जाणार व्हय?" असं ते म्हणत.

त्या फाल्गुनात मी बहिणीच्या लग्नाला गावी आलो होतो. मी निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी औरंगाबादला परीक्षेचा पहिला पेपर होता. दुपारची गाडी मिळाली तर पेपर, नाही तर नाही. पेपर हुकला की साल गेलं. साल गेलं तर वडील मला पुन्हा पाठवतील की नाही, हे मला सांगता येत नव्हतं. ते रागावले नसते. पण घरच्या मेंढरांमागं माणसं कमीच होती आणि मी घरी राहिलो असतो तर त्यांना बरंच वाटलं असतं. हा विचार मी कोणाला बोलून दाखवला नव्हता, पण मामांच्या मागं बसल्यावर माझ्या मनात तोच होता.

शिरडहून निघालो तेव्हा ऊन चढलं होतं, पण अंगाला वारा लागत होता. तोच वारा इंजनालाही लागत होता. मामांनी मला एकदा समजावलं होतं की लॉरीच्या इंजनात पाणी असतं, फटफटीच्या इंजनाला फक्त वारा. ती पळत राहिली की गार राहते, उभी राहिली की तापते. तेव्हा मला ते फार सोपं वाटलं होतं.

वसमत दिसू लागलं आणि सडकेवर कापसाच्या गाड्या लागल्या. कापसातली सरकी काढायच्या जिनाच्या फाटकापासून निघालेली रांग गावाबाहेर कुठवर आली होती त्याचा अंदाज येत नव्हता. बाजूंना बांबूचे तट्टे बांधून माणसाच्या डोक्याच्या वर कापूस भरलेला, जुवाखाली बैल, चाकाला टेकून गाडीवान बसलेले. दुसऱ्या अंगानं रिकाम्या गाड्या परत येत होत्या. खाली उतरावं तर काळ्या रानातली ढेकळं. मधल्या फटीतून मामा पाय टेकत टेकत फटफटी हाकू लागले. आवाजानं बैल बुजले की थांबायचं, बैल शांत झाले की निघायचं. चार-सहा गाड्या ओलांडल्या आणि फटफटी गचके खाऊन बंद पडली.

मामांनी किक मारली. पुन्हा मारली. सुरू झाली, थोडी सरकली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा ती फक्त फुसफुसली. इंजनावरून हवा थरथरताना दिसत होती. माझी पोटरी भाजत होती, पण मी ती बाजूला घेतली नाही. मामांना वाईट वाटेल असं वाटलं.

"काहून थांबली ओ मिलिटरी?" एका गाडीवानानं विचारलं.

"तापलीय."

"मंग सोडा की जुवातून. चारा टाका."

रांगेतले लोक हसले. दुसरा म्हणाला, "आमचा ढवळ्या बसला तर शेपूट पिरगाळतो आमी. हिला शेपूट कुटं हाय?"

मामाही हसले, पण कपाळ पुसत. तेवढ्यात एक जण बैलांसाठी आणलेली पाण्याची बादली घेऊन आला आणि थेट इंजनावर ओतायला वाकला. उन्हातून आलेल्या जनावराच्या अंगावर पाणी टाकतात तसंच, मनापासून. मामांनी दोन्ही हातांनी बादली धरली. "न्हाई, न्हाई! लोखंड तडकल!"

"तिची तकलीफ कमी करून राहिलो तर तुमालाच राग," असं म्हणत त्यानं ती बैलांपुढं ठेवली.

मामा पुन्हा किक मारायला उभे राहिले. या वेळी धुराच्या नळीतून मोठा बार निघाला आणि त्याबरोबर ठिणगी उडाली. हसणं एकदम थांबलं. पुढच्या गाडीवरून एक म्हातारे गाडीवान खाली उतरले. त्यांच्या तोंडात विझलेली चिलीम होती. कापसाच्या रांगेत कोणी विस्तव काढत नाही, हा तिथला कायदा. चिलीम तोंडात धरायची, पण जिनातून रिकामी गाडी बाहेर पडल्याशिवाय पेटवायची नाही.

"पाव्हणं," ते म्हणाले, "सकाळपासनं चिलीम चावत बसलोय मी. अन् तुमी भट्टीच घेऊन आलात? आमचं सालाचं हाय ह्या गाडीत."

"बंद करतो, बाबा. बराबर हाय तुमचं."

"बंद करा अन् ढकलत न्या. पार फाटकापस्तोर."

मामांनी वाद घातला नाही. हँडल धरलं, मी मागून रेटा दिला. लष्करातली फटफटी फार जड असते. बैल दिसले की थांबा, रिकामी गाडी आली की थांबा. स्टेशन फाटकाच्या पलीकडंच होतं. मोकळ्या हातांनी चाललो तर मी वेळेत पोचलो असतो हे मला कळत होतं, पण मी रेटा देतच राहिलो. मामांनी मला फटफटीवरून सोडायचं ठरवलं होतं. त्यांना अर्ध्या वाटेत, एवढ्या माणसांपुढं टाकून कसं जायचं?

शेवटी, ठिणगीवर नजर ठेवत आमच्याबरोबर आलेल्या म्हातारबांनीच विचारलं, "पोरा, तुला कुटं जायचंय?"

मी गाडीचं आणि पेपरचं सांगितलं.

"मंग ढकलून काय राहिला येड्या? पाय न्हाईत तुला?"

मी मामांकडं पाहिलं. "मामा, मी पुढं जाऊ का?"

मामांनी फटफटी स्टँडवर उभी केली. मग त्यांनी मागची दोरी सोडली आणि माझी वळकटी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. "जाय. पळ."

मी पळालो. मागून म्हातारबांची हाक आली, "कालेजचं पोरगं येऊन राहिलं, वाट द्या रे!" पुढच्या गाडीवानानं ती पुढं दिली, त्याच्या पुढच्यानं आणखी पुढं. हाक माझ्या आधी पळत होती. मी पोचेपर्यंत प्रत्येक जण बैलांचा कासरा आवळून उभा असे. एकानं विचारलं, "काय झालं रे त्याला?" दुसरा म्हणाला, "परीक्षा झालीय." त्यानं "अरे अरे" केलं आणि बैल आणखी बाजूला घेतले.

स्टेशनात गाडी उभी होती. मी चढलो, वळकटी आत टाकली आणि दारात उभा राहिलो. शिट्टी झाली तेव्हाच ओळखीचा फटफट आवाज आला. मामा तारेच्या कुंपणापलीकडं येऊन थांबले होते. ढकलता ढकलता इंजन गार झालं असणार. ते खाली उतरले नाहीत, आत आले नाहीत. बंद केली तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती. एका हातानं ते इंजनाचा आवाज वाढवत राहिले आणि दुसऱ्या हातानं मला आत बस, आत बस असं खुणावत राहिले. गाडी हलली. आता काळजीचं काही नव्हतं, तरी मी दारातच उभा राहिलो.