मिस्त्रींचा हुकलेला फोटो

“ही पोरगी गाड्यांकडं पाठ करून काय हुडकून राह्यली? नवरा?”

बांबूच्या कठड्यामागून आवाज आला आणि त्याच्या मागोमाग भुईमुगाची दोन टरफलं माझ्या बुटावर येऊन पडली. बोलणारी पन्नाशीची बाई होती. हिरवं लुगडं, मांडीवर शेंगांची पिशवी आणि उन्हासाठी डोक्यावर घेतलेला पदर. तिच्या शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं.

“हळू बोल की. ऐकू जाईल तिला.”

“जाऊ दे. कळतंय कुठं! कपडे बघ ना. पुण्याची विंग्रजीवाली असंल.”

मी जालन्याचीच. त्या मैदानापासून आमचं घर गाडीवर दहा मिनिटं. पण मी काही बोलले नाही. शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे आणि घरी इंग्रजी बोललं की सगळे हसायचे, त्यामुळे मी दोन्ही भाषांत गप्प राहायला शिकले होते. त्याचा एक फायदा असा, की लोक माझ्यासमोर बिनधास्त बोलतात. मी मावशींकडे परक्यासारखं बघितलं, कॅमेरा उचलला आणि त्यांचा शेंग फोडतानाचा फोटो काढला.

एमआयडीसीच्या मागच्या मोकळ्या जागेत त्या रविवारी मोटारसायकलींच्या शर्यती होत्या. जेसीबीनं मातीचे उंचवटे करून ट्रॅक बनवला होता आणि टँकर दर तासाला पाणी मारून जायचा. तरी धूळ उडायची ती उडायचीच. नाशिक, कोल्हापूरहून शर्यतीच्या खास गाड्या आल्या होत्या. आपल्याकडच्या पोरांच्या गाड्या मात्र रोज दूध वाहणाऱ्या. त्यांचे आरसे, मडगार्ड, कॅरिअर असं जे जे निघेल ते काढून त्या पळायला उभ्या केल्या होत्या.

फोटोचं काम माझ्या मामेभावाला मिळालं होतं. दादाचा लग्नाच्या फोटोंचा धंदा आहे. त्यानं मला सकाळीच बजावलं होतं.

“गाड्या मी बघतो, तू स्टेज धर. सत्काराचा एक बी फोटो हुकला न्हाई पाह्यजे. गाडी हुकली तर ती चक्कर मारून परत येती. पाव्हणा परत येत न्हाई.”

दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडून, वर सतरंजी टाकून स्टेज केलं होतं. स्टेजच्या मागून ट्रॅक वळायचा आणि समोर कठड्यामागं माणसं. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात मी. दर फेरीनंतर निवेदक पाच-सहा सत्कार उरकून घ्यायचा. तोवर हेल्मेटातली पोरं गाड्या चालू ठेवून घाम गाळत बसायची. शाली कमी आणि मानकरी जास्त असल्यामुळे फोटो झाला की शाल हळूच काढून, घडी घालून टेबलाखाली जायची आणि दुसऱ्याच्या खांद्यावर वर यायची. नारळाचंही तेच. एका नारळाच्या शेंडीला निळा दोरा होता. मानकऱ्यांपेक्षा त्याचेच फोटो माझ्याकडे जास्त आहेत.

या कामात कॅमेऱ्यापेक्षा गळा महत्त्वाचा असतो. “साहेब, इकडं बघा! हार धरून ठेवा! सोडू नका!” असं ओरडावं लागतं. मला ते जमत नव्हतं. मी नुसता डावा हात वर करायचे. त्यामुळे माझ्या पहिल्या दहा फोटोंत देणारा उजवीकडं बघतोय, घेणारा डावीकडं, आणि मधे नारळ तेवढा थेट कॅमेऱ्यात.

शर्यत सुरू झाली की मात्र मी मोकळी. मग मी गाड्यांकडं पाठ करून माणसं बघत बसायचे. गाडी उंचवट्यावरून उडाली की सगळ्या हनुवट्या एकदम वर जायच्या आणि गाडी टेकली की खाली. पुरुषांचे उजवे हात तर बघण्यासारखे होते. मुठी आपोआप वळत होत्या. रिकाम्या हवेत शे-दीडशे लोक अॅक्सिलेटर पिळत होते आणि एकालाही त्याचा पत्ता नव्हता. धुळीचा लोट आला की रुमाल आधी मोबाईलवर जायचा, मग नाकावर. टेम्पोच्या टपावर बसलेला एक गृहस्थ प्रत्येक फेरीला डोळे मिटून घ्यायचा आणि गाड्या गेल्यावर शेजाऱ्याला विचारायचा, “पडला का कोणी?”

जेवणाच्या सुट्टीत एक माणूस माझ्याजवळ आला. पिवळा शर्ट कोरा होता. पाकिटातल्या घड्या अजून तशाच होत्या.

“ताई, फोटो तूच काढून राह्यली ना?”

मी मान हलवली.

“मी मिस्त्री. वडीगोद्रीला हायवेवर गॅरेज हाय माझं. ह्या आपल्या पोरांच्या गाड्या मीच उघडल्या आन् मीच बांधल्या.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “आज माझा सत्कार हाय. माईकवर नाव घेणार म्हणले. तेवढा फोटो बराबर काढ. घरी दाखवायचाय.”

मी पुन्हा मान हलवली.

“आमची मंडळी म्हणती, तुमच्या त्या ऑइलच्या हाताला कोण नारळ देतंय! चल म्हणलं आज, तर म्हणली, मला धुराचा तिटकारा हाय, मी न्हाई येत. मंग आता फोटोच दाखवतो. भिंतीला लावतो. येता-जाता बघंल.”

एवढं बोलून त्यांनी ऑइलनं काळे पडलेले हात मागं नेले. शर्ट खराब होऊ नये म्हणून त्यांनी ते सकाळपासून अंगापासून लांबच ठेवले असावेत.

दुपारच्या सत्कारांना सुरुवात झाली. एक झाला, दोन झाले. तिसऱ्याला निवेदकानं गळा साफ केला. “ज्यांच्या हाताला यंत्राची नाडी कळते, असे आपले मिस्त्री...” मी स्टेजकडे कॅमेरा लावला. मिस्त्री पायरी चढत होते. एवढ्यात पाठीमागून त्याच शेंगावाल्या मावशींचा आवाज आला.

“ते बघ, पिवळ्या शर्टातलं आमचं ध्यान. कसं चढून राह्यलंय बघ, सासुरवाडीला आल्यावानी.”

“त्यांना माहीत हाय का तू आलीस?” शेजारीण म्हणाली.

“हट्! सकाळी न्हाई म्हणलं मी. त्यो गेल्यावर बसले काळीपिवळी जीपमधी आन् आले.”

मी मागं वळले. वळायला नको होतं, हे मला वळतानाच माहीत होतं. मावशी उभ्या राहिल्या होत्या. शेंगांची पिशवी खाली पडून तिच्यातल्या शेंगा धुळीत गेल्या होत्या. त्यांनी इकडं-तिकडं पाहिलं, पदर दातात धरला, मग सोडला, आणि दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की पुढच्या रांगेतल्या चार पुरुषांनी दचकून आपापली डोकी धरली. मी फोटो काढला. एक, दोन, तीन. फुगलेले गाल, गच्च मिटलेले डोळे आणि शेजारणीचं वासलेलं तोंड. दिवसभरातले तेच तीन फोटो मला पाहिजे तसे आले.

पुन्हा स्टेजकडे वळले तेव्हा टेबलाखाली शाल गेलेली होती आणि चौथे मानकरी उभे होते. मिस्त्री पायऱ्या उतरत होते. त्यांच्या हातात नारळ होता. तो बहुधा त्यांनी सोडलाच नव्हता.

ते सरळ माझ्याकडे आले. “ताई, आला का बराबर?”

मी मान हलवली. ती हो आणि नाहीच्या मधेच कुठंतरी हलली, पण मिस्त्रींनी हो धरली. “शिट्टी बी मारली कोणीतरी. आपलं गिऱ्हाईक असंल एखादं,” ते म्हणाले आणि नारळ शर्टाला लागू न देता चालू लागले.

मी दादाला गाठलं. तो वळणावर मातीत पालथा पडून गाडीच्या चाकाचा फोटो घेत होता. मी हळूच सांगितलं. त्याला तीनदा सांगावं लागलं. एकदा गाडीच्या आवाजात गेलं आणि एकदा माझ्या आवाजात.

“मिस्त्रीचा हुकला? फक्त मिस्त्रीचा?” तो उठून बसला. “मंग घाबरली कामून? मुंडकं बसवून देऊ. त्याचा एक साधा फोटो घे, आन् त्याच्या उंचीचा मानकरी बघ दुसरा. हार त्योच, शाल तीच, नारळ त्योच, पाव्हणा त्योच. बदललंय काय? मुंडकं!”

आणि वाईट म्हणजे त्याचं बरोबर होतं. बॅनरवर दर आठवड्याला असंच होतं. एखाद्याच्या लग्नातला कोट दुसऱ्याच्या वाढदिवसाला चालून जातो आणि कोणाचं काही अडत नाही. मी स्टेजच्या सावलीत बसून मिस्त्रींसाठी अंग शोधायला लागले. एकाचं पोट पुढं होतं, एकाच्या मनगटावर सोन्याचं कडं होतं. एकाची उंची जुळली, शर्टाच्या पिवळ्या रंगाचंही बघता आलं असतं. मी फोटो मोठा करून पाहिला. नारळावरचे हात गोरे आणि स्वच्छ होते, नखं गुलाबी. असा फोटो वडीगोद्रीच्या भिंतीवर लागला की मावशी येता-जाता काय म्हणतील, ते मला लगेच ऐकू आलं. त्या तर सगळं डोळ्यांनी बघून बसल्या होत्या.

“आता आपल्या सर्वांचं लक्ष अंतिम फेरीकडे!” निवेदक ओरडला. “प्रमुख पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम असल्यानं ते आपला निरोप घेत आहेत...”

पाहुणे गाडीकडे निघाले होते. पांढऱ्या गाडीचं दार उघडं होतं. हार देणारा माणूसच गेला तर सत्कार कुठला आणि फोटो कुठला!

मी ट्रॉलीवर चढले. पायरीवरून गेले नाही. ती लांब होती. निवेदकाच्या कानाशी जाऊन मी म्हणाले, “एक्स्क्यूज मी, एक सत्कार परत करायचाय.”

“काय?”

“मिस्त्रींचा. फोटो हुकलाय.”

“ताई, गाड्यांचा आवाज लई हाय, इथं बोला,” म्हणून त्यानं माईकच माझ्या तोंडासमोर धरला.

कठड्यामागच्या सगळ्या हनुवट्या माझ्याकडे वर झाल्या. दिवसभर मी त्यांना बघत होते, आता त्या मला. घशात जो आवाज होता तो माझा वाटेना, पण दुसरा नव्हता.

“साहेब, थांबा! गाडीत बसू नका. मिस्त्रींचा सत्कार परत करायचाय. फोटो काढायचा राहिला. चूक माझी आहे.”

भोंग्यातून ते सगळं पलीकडच्या लोखंडाच्या रोलिंग मिलच्या भिंतीवर आपटून परत आलं. कोणीतरी हसलं, मग बरेच हसले. कठड्याकडून मावशींचा आवाज स्पष्ट आला, “आगं बया, हिला तर मराठी येती!” पाहुण्यांनी एक पाय गाडीत आणि एक बाहेर ठेवून घड्याळाकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं आणि गर्दीकडे पाहिल्यामुळे हसत परत आले. अंतिम फेरीतली पोरं गाड्या बंद करून हँडलवर रेलली. टेबलाखालून शाल निघाली. मिस्त्री नारळ घेऊनच वर आले, म्हणजे तो तरी शोधावा लागला नाही.

मी खाली उतरून कॅमेरा लावला. पाहुण्यांनी हार उचलला. सगळं जागेवर होतं, पण मिस्त्री कॅमेऱ्याकडे बघेनात. ते माझ्याकडे बघत होते आणि चेहरा पडलेला होता.

“ताई,” ते म्हणाले, आणि निवेदकानं काही कारण नसताना माईक त्यांच्यासमोर नेला, त्यामुळे ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं, “सकाळपासून सगळ्यांचे काढले. माझ्याच टायमाला तू काय करून राह्यल्ती?”

कठड्यामागं हिरव्या लुगड्याचा पदर तोंडावर ओढला जात होता. मावशी माझ्याकडे बघून जोरजोरात मान हलवत होत्या, नको, नको. मला खोटं सुचलं असतं. दादाला तर वेळच लागला नसता.

“काका, तुमच्या मंडळींचा फोटो काढत होते,” मी माईकशिवाय, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं ओरडले. “ती शिट्टी त्यांनी मारली!”