पर्वत पाटियाचा नाताळ-गरबा

जळगावहून गाडी सुटली तेव्हा यादीतलं सगळं पिशवीत होतं: ताईसाठी भरताची वांगी, दाजींसाठी केळ्याचे वेफर्स, त्यांच्या नव्या सुनेसाठी, रोशनीसाठी, साडी. सुरतेच्या अलीकडे उधन्याला उतरले, रिक्षा केली. कापडाच्या गाठोड्यांनी लादलेल्या टेम्पोंमधून वाट काढत पर्वत पाटियाला पोचले, तर ताईने पुढ्यात पोंक (कोवळा हुरडा) आणि लिंबू-मिऱ्याची शेव ठेवली.

पहिली मूठ तोंडात जाते न जाते तोच वाद कानावर आला. रोशनी व्याऱ्याकडची, गुजराती ख्रिस्ती. नाताळच्या उपासनेत तिला बायकांना घेऊन येशूजन्माचा गरबा करायचा होता. दाजी इथल्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, ज्येष्ठ पंच. त्यांचा शब्द पाळकसाहेबही मोडत नाहीत.

"शास्त्रात गरबा कुठे आहे, दाखव," दाजी म्हणाले.

"पप्पा, दावीद राजा नाचला होता ने?"

"नाचला. टिपऱ्या नव्हत्या त्याच्याकडे!"

मी मध्ये पडले. "दाजी, तुमचा माइक तरी शास्त्रात कुठे आहे?"

"माइक ऐकू येण्यासाठी आहे. गरबा कशाभोवती तरी घालतात. मध्ये काय ठेवणार? देवाने सांगितलं तेवढंच करावं, सुहास. माणसाच्या हौसेला अंत नसतो."

रोशनी हळूच म्हणाली, "आमच्या गावात याच्याशिवाय नाताळ होत नाही. इथे मी पाहुणीच राहणार, मासी."

ते मला लागलं. "दाजी, दान द्यायला लोक रांगेने पुढे येतात ना? गाणंही चालू असतं. ती रांग गोल फिरू द्या."

दाजी हसले. "तू कोर्टात जायला हवं होतंस! बरं. टिपऱ्या नाहीत. आणि मध्ये काही ठेवायचं नाही."

नाताळला भाड्याच्या हॉलमध्ये दाजी दानाचं ताट घेऊन नेहमीच्या जागी उभे राहिले. रोशनीने टाळी दिली, रांग वळली, बायकांमागून पुरुषही शिरले. बघता बघता गोल पुरा झाला, आणि बरोबर मध्ये दाजीच!

"अगं, माझ्याभोवतीच फिरता काय! थांबा!" म्हणत ते ताटासकट गोलात घुसले, थेट रोशनीच्या मागे. पाय चुकत होते. ती वळून शिकवू लागली, "एक, बे, त्रण, ताळी, पप्पा!" ताई हसून हसून गाणं विसरली. मध्ये फक्त मोकळी फरशी होती.

उधन्याला सोडायला सासरा-सून दोघं आले. "पुढच्या वर्षी ही टिपऱ्या मागेल," दाजी खिडकीशी कुरकुरले.

"मग?"

"मग पुन्हा शास्त्र उघडू. हिला घेऊनच बसू."

गाडीत वेफर्सऐवजी ताईने दिलेली घारी, सुरतेची ती तुपाळ माव्याची मिठाई, खात विचार केला. मध्ये काय आहे, हा दाजींचा प्रश्न मला रास्तच वाटतो. आमच्या मंडळीतही मी तो विचारीन. मात्र नवं काही आणणाऱ्याला दाराशी उभं करून नाही, शेजारी बसवून.