टॉर्चचा पिवळा गोल

ऐंशी सालाच्या आसपास वसईच्या टॉकीजमध्ये एक डोअरकीपर होता. बोलायचा कमी, टॉर्च हलवूनच खुर्ची दाखवायचा.

एका दुपारी सिनेमातलं एक गाणं सुरू झालं आणि आम्ही कॉलेजची पोरं ओरडलोच. आवाज आमच्या रॉकवाल्याचा होता, जवळच्या उमेळे गावात लग्नांत गिटार घेऊन रॉक गाणाऱ्या पोराचा! पण सिनेमाच्या सुरुवातीला येणाऱ्या नावांच्या पाट्यांत त्याचं नाव कुठेच नव्हतं. बाहेर पडताना, आमच्या माणसाचं नाव का नाही म्हणून मी डोअरकीपरवरच चिडलो.

"उद्या सुरुवातीलाच या," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर गायकांची नावं आली. मागून टॉर्चचा पिवळा गोल तरंगत आला आणि शेवटच्या नावाखाली, रिकाम्या जागेवर थांबला.

"तुमचा मानूस इथं," तो हळूच म्हणाला.

नंतर कळलं, सिनेमा उतरेपर्यंत प्रत्येक खेळाला त्याने तो गोल तिथेच धरला होता, आम्ही नसतानासुद्धा.