उंबऱ्याच्या उंचीचं मचाण

लग्नाच्या पंगतीत बसण्याआधी रुपराव खुर्ची ठोकून पाहत. लाकूड दिसलं की नखानं खरवडून हुंगत. टेप खिशात असली तरी वितीनं मोजत. चहा उभ्यानंच पीत. बोलता बोलता उठून मागच्या दारापाशी जात आणि तसेच परत येत. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या उन्मेषला हे सगळं पाठ झालं होतं.

नंदनवन वस्तीतल्या त्या घराच्या मागच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. खाली रुपरावांच्या बायकोनं, जिजाबाईंनी लावलेली मिरची, वांगी. खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना पायऱ्या बंद केल्या. बायकोला थंडीत बागेत उन्हाला बसता यावं, एवढंच रुपरावांच्या डोक्यात होतं.

उन्मेषनं त्यांना नमुना दाखवायला धरमपेठेतल्या एका कॅफेत नेलं. तिथं दाराबाहेर उंबऱ्याच्या पातळीत लाकडी डेक होता, खांबांवर फळ्या टाकलेला. कॉफी सोडून रुपराव त्याच्याखाली वाकले.

"काका, काही पडलं का?" वेटरनं विचारलं.

"पडलं नाही गा. हे मचाण उभं कसं हाय, पाहून राहिलो."

मग सुरू झाली सामानाची शोधाशोध. लोखंड नको, तापतं. प्लॅस्टिकच्या फळ्या नकोत, तिचे तळपाय भाजतील. बाभूळ वाकडी. शेवटी जुन्या चौकटींचं सागवान आलं, तर माती आडवी आली. काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भिवापूरला स्वतःच्या शेतात राखणीच्या मचाणाचे खांब ते मुरूम लागेपर्यंत खणून, माती वाळल्यावरच रोवत. इथंही खड्डे झाले. पाऊस सरला. तरी रोज सकाळी मूठभर माती दाबून म्हणत, "अजून ओली हाय."

दिवाळी गेली.

"मले उन्हात बसाचं हाय, कोनाचं लगन नाही लावाचं," जिजाबाई दारातून म्हणाल्या. "रामानंही सेतूले एवढा येळ नसन लावला."

"त्याच्यावरून वानरं गेली वं. याच्यावरून तुले जाचं हाय."

जिजाबाई हसल्या. उन्मेषही हसला.

खांबांच्या बुडाला वाळवी लागू नये म्हणून रुपरावांनी गॅरेजमधून जळकं ऑइल आणलं. तीन खांब झाले. चौथा अर्धा झाला असताना त्यांनी कुंचला डब्यात ठेवला. "छाती जड वाटून राहिली," म्हणाले आणि पायरीवर बसले. काम अर्ध्यावर सोडून पहिल्यांदाच बसले. उन्मेष ऑटो घेऊन आला तेव्हा ते भिंतीला टेकलेले होते. हाक मारली. ओ आली नाही.

तेरवी झाली. पाहुणे गेले. जिजाबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. ऊन खालच्या पायरीपर्यंत आलं होतं.

"उन्मेष, माती पाह्य गा."

तो खाली उतरला. खड्ड्यात हात घालून मूठ दाबली. माती भुरभुरत बोटांतून सांडली.

"वाळली, काकू."

चौथा खांब भिंतीशी उभा होता, अर्ध्या बुडापर्यंत काळा. कुंचला अजून डब्यातच होता.