हळू बोला, आत औषध चालू आहे

आमच्या इमारतीत गजर कुणीच लावत नसे. आमच्या थोरल्या जाऊबाई असताना गरजच नव्हती.

आम्ही दोघी एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो. मधे जिना आणि दोन पायपुसणी, एवढंच अंतर. जाऊबाई शाळेचे गणवेश शिवतात. कंत्राटदाराकडून कापलेल्या कापडाचे गठ्ठे येतात, त्या ते शिवून परत देतात. मशीन पायानं चालवायचं, जुनं. बाहेर धड उजाडलेलं नसताना आधी बादली आदळायची, मग नळ सुटायचा आणि मग ते मशीन सुरू व्हायचं. त्याची खडखड भिंतींतून आणि पाण्याच्या पाइपांतून सगळ्या मजल्यांवर पोचायची. त्यातून भावोजींचा उभा जन्म छापखान्यात गेलेला, त्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं. जाऊबाई नवऱ्याला चहा हवा का विचारायच्या, आणि तळमजल्यावरचा बसड्रायव्हर अंथरुणातून हो म्हणायचा.

पाठीमागे सगळे त्यांना भोंगा म्हणत. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मास्तरांनी एकदा जिन्यात शांततेचं महत्त्व सांगणारा कागद चिकटवला होता. अक्षर सुरेख होतं. जाऊबाईंनी तो हलकेच काढून घेतला आणि त्यात मशीनच्या सुया गुंडाळून ठेवल्या.

उशिरा उठणारा माणूस त्यांच्या लेखी एक तर आजारी, नाही तर आळशी, नाही तर श्रीमंत. पहिल्या दोघांत त्या फारसा फरक करत नसत. देव पहाटे जागा होतो आणि जो जागा दिसेल त्यालाच देतो, असं त्यांचं म्हणणं. देवाचं नाव घेतल्याशिवाय माझाही दिवस सुरू होत नाही, पण मला वाटायचं की रात्रही त्यानंच केली आहे, ती काही नजरचुकीनं नव्हे.

त्यांची एकुलती एक मुलगी मनी. लहानपणी मांजरासारखी कुठेही मुटकुळं करून झोपायची, म्हणून मनी. पंधरावं सरलं आणि पोर हळूहळू विझत गेली. आधी मैत्रिणी सुटल्या, मग जेवण अर्धं झालं, मग चित्रं काढायची वही माळ्यावर गेली. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागत नसे. जरा कुठे झापड यावी तोवर शेजारच्या खोलीत बादली आदळायची. दिवसा ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. शाळेतून निरोपांवर निरोप येऊ लागले.

इमारतीनं आपापल्या सोयीनं निदान केलं. बसड्रायव्हर म्हणाला, मोबाइल. मास्तर म्हणाले, शिस्तीचा अभाव. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी आवाज खाली आणून विचारलं, कुणी मुलगा वगैरे आहे का. औषध मात्र सगळ्यांचं एकच निघालं: तिला आणखी लवकर उठवा. जाऊबाईंना हे पटायला वेळ लागला नाही. त्या पांघरूण ओढू लागल्या, तोंडावर पाणी मारू लागल्या. मनी उठून बसायची आणि बसल्या जागी तशीच राहायची.

एक दिवस मी भाजी घेऊन वर येत होते, तर ती जिन्यात बसलेली. शाळेचं दप्तर मांडीवर. शाळा भरून कितीतरी वेळ झाला होता. मी शेजारी बसले. ती म्हणाली, "काकू, मी आजारी आहे का वाईट आहे?"

भाजीची पिशवी मी तिथेच ठेवली. जाऊबाईंच्या दाराशी गेले, मशीन थांबेपर्यंत उभी राहिले आणि सांगितलं की उद्या आपण तिघी डॉक्टरकडे जातोय, मनाच्या. त्या म्हणाल्या, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोकांचं म्हणून झालंय, आता डॉक्टरला म्हणू दे. जन्मात पहिल्यांदाच मी त्यांच्याशी अशी बोलले असेन.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. आधी मनीशी दार लावून एकट्याच बोलल्या, अगदी निवांत. मग आम्हाला आत बोलावून सांगितलं की हे नैराश्य आहे, आजार आहे, आणि बरा होणारा आहे. सौम्य गोळी दिली. दर आठवड्याला बोलायला यायचं ठरलं. आणि वर म्हणाल्या की गोळीइतकीच दोन औषधं घरची आहेत. एक झोप. या वयात झोप मुळातच उशिरा येते, मुलं नाटक करत नाहीत. ठरल्या वेळी अंथरुणावर जायचं, फोन बाहेर ठेवायचा, आणि झोप पुरी होईपर्यंत कुणी उठवायचं नाही. दुसरं औषध व्यायाम. उजेडात, बहुतेक रोज, दम लागेल असा, पण तिला आवडेल तो.

दवाखान्याचा जिना उतरताना जाऊबाईंचं तोंड वाकडं झालेलं. "झोपायला सांगायची फी घेतली बाईनं," म्हणाल्या, आणि चालू लागल्या.

त्यांनी दोन औषधांपैकी मनाजोगतं एक उचललं. दुसऱ्या दिवसापासून मनीचा व्यायाम सुरू झाला, पहाटे. भरलेल्या बादल्या घेऊन जिना चढायचा आणि रिकाम्या घेऊन उतरायचा. दम लागत होता, म्हणजे डॉक्टरच्या सांगण्याबाहेर काही नव्हतं. मास्तर वरून बघायचे आणि मान डोलवायचे. ते स्वतः जिन्याला हात लावायचे तो फक्त कठडा धरायला.

पुढच्या भेटीत मनी नुसती खाली बघत बसली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, झोप कशी आहे. जाऊबाईंनी अभिमानानं सांगितलं, आता लोळत नाही. पहाटे काय होतं, असं विचारल्यावर मनीनं पहिल्यांदा मान वर केली आणि एकच शब्द बोलली: मशीन.

डॉक्टरीणबाईंचा आवाज जराही चढला नाही. "आई, तुम्ही एका हातानं औषध पाजताय आणि दुसऱ्या हातानं ते ओतून टाकताय. ती उठेपर्यंत मशीन बंद."

घरी येईस्तोवर जाऊबाई दोन पावलं पुढेच चालत होत्या. मला वाटलं रागावल्या आहेत. दाराशी आल्यावर हळूच म्हणाल्या, "धाकटे, मी तिला रोज आजारी पाडत होते का गं?" मी म्हटलं, आजार तुम्ही नाही आणला, ताई. आता फक्त त्याला दार उघडून देऊ नका.

दुसऱ्या दिवशी बादली आदळली नाही. नळाला त्यांनी फडकं बांधलं, धार त्याच्यावरून बिनआवाजाची पडे. भावोजींना चहाचं हातवारे करून विचारणं सुरू झालं. इतक्या वर्षांत आपल्या बायकोकडे आपण पहिल्यांदा नीट बघितलं, असं ते मला म्हणाले. मशीनवर चादर टाकलेली, आणि जाऊबाई खिडकीशी बसून हातानं गणवेशांची बटणं लावत होत्या. झोपायचं त्यांना जमत नव्हतंच. हात चालू ठेवून तोंड बंद ठेवणं, ही त्यांची तपश्चर्या मी रोज बघत होते.

आणि इमारत झोपून राहिली.

बसड्रायव्हरची पहिली बस डेपोतच उभी राहिली आणि अख्खा थांबा त्याच्या नावानं बोटं मोडत बसला. मास्तर शाळेत दरवर्षी वक्तशीरपणावर भाषण देतात. ते प्रार्थना संपल्यावर फाटकातून आत शिरताना मुख्याध्यापिकेला दिसले. कारण विचारलं तेव्हा त्यांना सांगता येईना. काय सांगणार, शेजारच्या बाईंनी त्रास देणं बंद केलं म्हणून?

असे काही दिवस गेले आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी शिष्टमंडळ आलं. मास्तर पुढे, ड्रायव्हर मागे, पहिल्या मजल्यावरच्या बाई कडेला. मी माझ्या दारात उभी होते. मास्तरांनी घसा साफ केला आणि सामाजिक जबाबदारी या विषयाला हात घातला. माणसाच्या एखाद्या सवयीवर समाज उभा असतो, ती सवय त्यानं एकतर्फी मोडू नये, असं काहीसं. मग मुद्द्यावर आले. अगदी थोडा वेळ चालवा मशीन. नुसतं इशारा म्हणून.

जाऊबाई उंबऱ्यात, हातात बटण. कुजबुजल्या, आणि त्यांना कुजबुजता येतं हे आम्हा सगळ्यांना तेव्हाच कळलं.

"हळू बोला. आत औषध चालू आहे."

मास्तरांनी डोकावून बघितलं. आत मनी पालथी झोपलेली, एक पाय पलंगाबाहेर.

"ही तर झोपलीये," मास्तर म्हणाले.

"तेच."

ड्रायव्हर चुळबुळला. जाऊबाई म्हणाल्या, तुमच्या फोनमध्ये गजर असतो म्हणे, लावा की. त्यावर ड्रायव्हरनं अगदी मनापासून सांगितलं, "त्याचा काय उपयोग, वहिनी? तो बंद करता येतो."

जाऊबाईंनी दार लावून घेतलं, तेही आवाज न करता. त्या महिन्यात कंत्राटदाराचा माल उशिरा गेला, तो चार शब्द बोलला, पुढचा गठ्ठा त्यानं लहान दिला. जाऊबाईंनी ऐकून घेतलं. मशीन मनी उठल्यावरच सुरू व्हायचं.

झोप थोडी थोडी जाग्यावर आली. व्यायामाचं मात्र घोडं अडलं. चालायला चल म्हटलं की मनी मान हलवायची. मग एकदा माळ्यावरून काहीतरी काढताना तिची लहानपणची उड्या मारायची दोरी खाली पडली, आणि मनी ती घेऊन गच्चीवर गेली. पहिल्या दिवशी नुसती हातात धरून बसली. दुसऱ्या दिवशी थोड्या उड्या मारल्या आणि रडली. मी सोबत असायचे, बोलत नसे. जाऊबाई एकदा वर येऊन मोठ्यानं मोजू लागल्या. मनी म्हणाली, आई, मोजू नकोस, शाळेसारखं वाटतं. त्या दिवसापासून त्या गच्चीच्या दाराबाहेर पायरीवर बसून बटणं लावायच्या.

मधे सलग काही दिवस ती पुन्हा उठलीच नाही. जाऊबाईंनी डॉक्टरीणबाईंना गाठलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं, वाट सरळ नसते, गोळी आणि बाकी सगळं चालू ठेवा. चालू ठेवलं. मी देवाला म्हटलं, आता तूही जरा चालू ठेव. ती परत गच्चीवर आली. संध्याकाळच्या उन्हात दोरीचा सपसप आवाज लांबत गेला.

गच्चीच्या बरोबर खाली मास्तरांची खोली. एका संध्याकाळी ते वर आले, डोक्यावर चुन्याची पूड. छताचे पोपडे त्यांच्या चहात पडले होते. सकाळी इमारत मुकी आणि संध्याकाळी धरणीकंप, ही कुठली पद्धत, असं त्यांनी विचारलं. जाऊबाई पायरीवरून उठल्या. त्यांचा जुना आवाज छातीत भरून आलेला मला दिसला. पण तेवढ्यात मनी दोरी हातात घेऊन पुढे आली, लाल तोंडानं, धापा टाकत.

"मास्तर, मी उड्या थांबवते. मग मला बरं तुम्ही करणार का?"

मास्तर गडबडले. म्हणाले, तसं नव्हे, पण माझ्या चहाचं काय. मनी म्हणाली, चहावर झाकण ठेवा. ते म्हणाले, अगं पण छत. ती म्हणाली, छताला आधीच ओल आहे, मी नसते तरी पडलं असतं, आणि त्या कोपऱ्यात तुम्ही कुंड्या ठेवल्यात त्यांचं पाणी कुठे जातं? वाद चांगला रंगला. मास्तर एक म्हणायचे, ती दोन म्हणायची. मध्येच एका उत्तरावर ती स्वतःच हसली. शेवटी मास्तरांनी त्या वेळेला फिरायला जायचं कबूल केलं, कुंड्या हलवायचंही, आणि पूड झटकत खाली गेले. मनीनं पुन्हा दोरी फिरवायला घेतली.

जाऊबाई इतका वेळ तोंडातून अवाक्षर न काढता उभ्या होत्या. त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले. हातातल्या अर्ध्या शिवलेल्या सदऱ्यालाच त्यांनी डोळे पुसले.

"धाकटे, ऐकलंस का? भांडली गं. अगदी माझ्यासारखी भांडली."